टाळ आणि ताळा : कीर्तनकार मंडळींना एक खुले पत्र

महाराष्ट्रातल्या सकल कीर्तनकार महाराज मंडळींना,

रामकृष्ण हरी.

मायना लिहितानाच अडखळले. तुमच्यातले पुष्कळजण माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, त्यांना दंडवत लिहायला हवा. आणि आज नारदाच्या गादीवर उभे राहणारे काही तरुण महाराज माझ्याच वर्गात बसून दहावी झालेत, त्यांना आशीर्वाद लिहायला हवेत. चांगदेव याच पेचात सापडला होता. ज्ञानदेवांना ‘चिरंजीव’ लिहावं तर ते ज्ञानाने मोठे, ‘तीर्थस्वरूप’ लिहावं तर वयाने पोर. शेवटी त्याने कोराच कागद धाडला. मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच राहिला. ज्ञानदेवांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं. ही गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितली असेल आणि मी किती वेळा ऐकली असेल, त्याला मोजदाद नाही. तिच्याच पुढच्या भागावरून हे पत्र लिहायची वेळ आली, म्हणून सुरुवात तिथून केली.

मी नेवासे तालुक्यातल्या एका गावात राहते. शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते, तीस वर्षं झाली. वडील भजनात पखवाज वाजवायचे. आमच्या घरी सकाळचा पहिला आवाज चहाच्या भांड्याचा नसे, डाव्या पुडीवर कणीक थापल्याचा असे. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, काल्याच्या दिवशीची दहीहंडी, हे मला कुणी शिकवलं नाही. मी त्यातच वाढले. माळ माझ्याही गळ्यात आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही बाई बाहेरून दगड मारते आहे. मी मंडपातलीच आहे.

मागच्या वर्षी आमच्या सप्ताहात पाचव्या दिवशीच्या कीर्तनात महाराजांनी भिंतीची कथा लावली. फार सुंदर लावली. वाघावर बसलेला चांगदेव, हातात सापाचा चाबूक, इकडे आळंदीत पडक्या भिंतीवर बसलेली चार भावंडं, आणि ज्ञानदेवांनी भिंतीवर मारलेली थाप. त्या थापेवर पखवाजाची थाप अशी पडली की अंगावर काटा आला. कीर्तन संपलं, लोक पाया पडायला ओळीने उभे राहिले. ओळीत माझ्या शाळेतला एक मुलगा होता, तेव्हा सहावीत होता. त्याने महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं, उठला आणि विचारलं, “महाराज, भित चालली तव्हा तिचा पाया बरूबर गेला का तिथंच राह्यला?”

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, “संशयात्मा विनश्यति. असल्या शंका काढशील तर वाया जाशील.” आजूबाजूची माणसं हसली. पोराच्या बापाने त्याच्या डोक्यात टपली मारून त्याला बाजूला ओढलं. ओळ पुढे सरकली.

महाराजांचं नाव मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. त्यांचा गळा गोड आहे, पाठांतर अफाट आहे, आणि तीन तास उभं राहून थकलेल्या माणसाच्या तोंडून एखादा शब्द जातो. पण त्या दिवसानंतर तो मुलगा माझ्या वर्गातही हात वर करीना. आधी तो इतके प्रश्न विचारायचा की धडा पुढे सरकत नसे. आता गणित चुकलं तरी गप्प, जमलं तरी गप्प. दीड महिना मी वाट पाहिली. मग एका तासाला त्याचं नाव न घेता फळ्यावर त्याचाच प्रश्न लिहिला : भिंत चालली, पाया कुठे राहिला?

वर्ग क्षणभर दबकला, आणि मग जे सुरू झालं ते मला आवरेना. भिंत केवढी असेल? दहा फूट लांब, चार फूट उंच, दीड फूट जाड धरली. म्हणजे साठ घनफूट. मातीचं वजन पुस्तकातून काढलं. भिंत साधारण तीन टन भरली. एकाने विचारलं, “बाई, वर चौघं बसली होती, त्यांचं वजन धरलं का?” ते धरलं. मग गवंडीकाम करणाऱ्या घरातली एक मुलगी उठली. तिने सांगितलं की जुन्या मातीच्या भिंतीला खाली दगडाचं जोतं असतं, त्यावर मातीचे थर चढवतात. भिंत सुटलीच तर जोत्यावरून सुटेल, जोतं जागेवर राहील. तिच्या घरामागची भिंत पावसाळ्यात तशीच जोत्यावरून सरकली होती. तेव्हा तो मुलगा दीड महिन्यांनी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, “मंग आळंदीत जोतं सापडाया पाहिजे.”

महाराज, त्या पोराची श्रद्धा कमी झाली होती असं तुम्हांला वाटतं का? भिंत चालली यावर त्याचा इतका विश्वास होता की त्याने ती चालताना डोळ्यांपुढे पाहिली. ज्याने खरोखर पाहिली त्यालाच प्रश्न पडतो की खाली काय उरलं. ज्यांनी फक्त ऐकली ते ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणून घरी गेले. त्यात मीही होते. भिंतीची कथा मी चाळीस वर्षं ऐकते आहे, आणि पायाचा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

‘संशयात्मा विनश्यति’ हे गीतेच्या चौथ्या अध्यायातलं, चाळिसाव्या श्लोकातलं. तुम्हांला मी काय सांगणार. पण त्या रात्री मी चौथा अध्याय पुन्हा काढून बसले, आणि ज्ञानेश्वरी शेजारी ठेवली. अध्याय सुरू होतो तो कशाने? भगवंत म्हणतात, हा योग मी आधी सूर्याला सांगितला, सूर्याने मनूला, मनूने इक्ष्वाकूला. आणि अर्जुन लगेच, चौथ्याच श्लोकात, विचारतो : तुझा जन्म तर अलीकडचा, सूर्याचा फार आधीचा, मग तू त्याला सांगितलंस हे मी कसं समजायचं? याला आम्ही गणितात ताळा पाहणं म्हणतो. अर्जुनाने सनावळीचा ताळा पाहिला, आणि तो जुळेना म्हणून त्याने विचारलं. माझ्या विद्यार्थ्याने पायाबद्दल विचारलं ते याच जातीचं. भगवंतांनी अर्जुनाला ‘वाया जाशील’ म्हटलं नाही. ‘माझे पुष्कळ जन्म झाले, तुझेही झाले, ते सगळे मला ठाऊक आहेत, तुला नाहीत,’ असं सांगितलं. आणि पुढच्या चार श्लोकांत जे आलं, ‘यदा यदा हि धर्मस्य’सकट, ते सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. अर्जुनाला त्या दिवशी कुणी टपली मारली असती तर आपल्याकडे काय उरलं असतं?

त्याच अध्यायात चौतिसाव्या श्लोकात ज्ञान कसं मिळवायचं ते सांगितलंय : प्रणिपाताने, परिप्रश्नाने, सेवेने. तो मुलगा पाया पडला आणि मग त्याने विचारलं. प्रणिपात झाला होता, परिप्रश्न चालू होता. क्रमसुद्धा चुकला नव्हता. आणि अध्यायाच्या शेवटच्या श्लोकात संशय कशाने तोडायचा तेही दिलंय, ज्ञानाच्या तलवारीने. म्हणजे तिथे सांगणाऱ्यावर कामगिरी आहे. संशय येणाऱ्याला गप्प बसवलं की संशय तुटत नाही. तो आत जाऊन बसतो, आणि पोरगं मोठं झालं की एक तर मंडपाकडे पाठ फिरवतं, नाहीतर मंडपात बसून कशालाही मान डोलावतं. दोन्ही प्रकारची पोरं मी तीस वर्षांत भरपूर पाहिली आहेत. दुसऱ्या प्रकाराची मला जास्त काळजी वाटते.

आता याच अध्यायातल्या दोन ओव्यांपाशी मला थांबायचंय, कारण त्यांनी माझ्या शिकवण्याची दिशा बदलली.

कर्मात असून अकर्ता कसं असावं हे समजावताना माउली म्हणतात :

अथवा नावे हन जो रिगे । तो थडियेचे रुख जातां देखे वेगें ।
तेचि साचोकारें जों पाहों लागे । तंव रुख म्हणे अचळ ॥

नावेत बसलेल्याला काठावरची झाडं पळताना दिसतात. नीट पाहिलं की कळतं, झाडं जागेवरच आहेत. आणि दोनच ओव्या पुढे :

आणि उदोअस्ताचेनि प्रमाणें । जैसें न चलतां सूर्याचें चालणें ।
तैसें नैष्कर्म्यत्व जाणें । कर्मींचि असतां ॥

सूर्य न चालता चालल्यासारखा दिसतो. ही ओवी मी कितीतरी कीर्तनांत ऐकली आहे, आणि बहुतेक वेळा तिच्यामागून एक वाक्य येतं : पाश्चात्त्यांनी जे नंतर शोधलं ते आमच्या माउलींनी आधीच सांगून ठेवलं होतं. टाळ्या पडतात. मला त्या टाळ्यांचा त्रास होतो, आणि तो माउलींवरच्या प्रेमामुळे होतो. नावेचा हाच दाखला आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिला होता. नावेतून पुढे जाणाऱ्याला स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे लंकेवरून, म्हणजे विषुववृत्तावरून, स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे त्याचं म्हणणं पुढच्या कित्येक ज्योतिर्विदांना पटलं नाही, ब्रह्मगुप्ताने तर त्यावर आक्षेप घेतले. म्हणजे आपल्याकडे या विषयावर शतकानुशतकं वाद चालला होता. ज्ञानदेव त्या वाद असलेल्या जगात वाढले. त्यांना ग्रहगणित मांडायचं नव्हतं. त्यांना एक अवघड गोष्ट नेवाशातल्या साध्या श्रोत्याला दाखवायची होती, आणि त्यासाठी त्यांनी प्रवरेवरची नाव उचलली, आकाशातला सूर्य उचलला, आणि दिसतं तसं नसतं हे दोन ओव्यांत हाताला लागेल असं करून ठेवलं. सोळा वर्षांच्याही आतल्या मुलाने. शके १२१२, म्हणजे १२९०.

‘आधीच शोधून ठेवलं होतं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढे काही करायचं उरत नाही. कपाट उघडायचं, कुलूप लावायचं, अभिमान बाळगायचा. पण ‘त्यांनी नावेत बसून झाडांकडे पाहिलं, तू एसटीत बसून पाहा’ असं म्हटलं की ऐकणारं पोर दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसतं. मी ते वर्गात करून पाहिलंय. सापेक्ष गती शिकवायला मी आता पुस्तकाआधी ही ओवी घेते. मुलांना ‘साचोकारें’ शब्द फार आवडतो. उत्तर आलं की एकमेकांना विचारतात, “साचोकारें पाह्यलं का?”

आमच्या शिक्षकांत एक सहकारी आहेत, चळवळीतले, प्रामाणिक माणूस. त्यांचं म्हणणं असं की देवावर विश्वास ठेवला की डोकं बंद होतं, विश्वास आणि नवा विचार एका म्यानात राहत नाहीत. मी त्यांच्याशी वीस वर्षं भांडते आहे. मला वाटतं ते जे पाहतात ते खरं आहे आणि त्यावरून जे ठरवतात ते चूक आहे. डोकं बंद झालेली भक्त माणसं त्यांनी पाहिली आहेत, मीही पाहिली आहेत. पण महाराष्ट्राच्या गेल्या सातशे वर्षांतलं सगळ्यांत धीट, सगळ्यांत नवं बोलणं कुणाच्या तोंडून आलं? दळण दळणाऱ्या जनाबाईच्या. तिने प्रत्यक्ष पांडुरंगाला ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हटलं. आजच्या कुठल्या कवीची छाती होईल? ‘देहींचा विटाळ देहींच जन्मला’ म्हणून शिवाशिवीच्या मुळावरच बोट ठेवणाऱ्या सोयराबाईच्या. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ म्हणणाऱ्या चोखोबांच्या, ज्यांना त्याच देवळाच्या पायरीच्या आत येऊ दिलं नव्हतं. यांचा विश्वास कमी होता म्हणून हे बोलले असं कुणी म्हणू शकेल का? विश्वास इतका पक्का होता की त्याच्या जोरावर ते देवाशी भांडले, वेदाशी भांडले, गावाशी भांडले. ज्या पोराला ठाऊक असतं की आई घराबाहेर काढणार नाही, तेच आईशी तोंड वर करून बोलतं. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणण्यात मला ही मोकळीक दिसते.

आणि तुकोबा. लग्न होऊन मूल होत नाही म्हणून नवस बोलणाऱ्यांना त्यांनी काय विचारलं? ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती ॥’ दहावीच्या भूमितीत मी हीच रीत शिकवते. समोरच्याचं म्हणणं खरं धरून चालायचं, त्यातून काय निघतं ते पाहायचं, आणि जे निघालं ते अशक्य असलं की मूळ म्हणणं सोडायचं. याला पुस्तकात अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतात आणि मुलांना ती डोंगरासारखी वाटते. तुकोबांनी दीड ओळीत केली. ‘सत्य असत्याशी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता’ हेही त्यांचंच. आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटं बसून ते काय करत होते? ‘होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी.’ स्वतःशीच वाद. नवं सुचण्याची जागा मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

तुम्ही म्हणाल, संतांची गोष्ट वेगळी, त्यांना अधिकार होता. नाथ महाराजांचं उदाहरण घ्या, कारण ते या ‘अधिकार’ शब्दाला सरळ भिडतं. ज्ञानेश्वरीनंतर जवळपास तीनशे वर्षांत पोथीच्या नकला होत गेल्या, पाठ बिघडले, कुणी आपल्या ओव्याही घुसवल्या. श्रद्धाळू माणसाने काय करावं? जी पोथी हातात आली तिला कुंकू लावून पारायण करावं? एकनाथांनी प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. कुठला शब्द माउलींचा आणि कुठला नंतरचा, हे ठरवायला पदोपदी संशय घ्यावा लागतो. हा पवित्र ग्रंथाचा ताळा होता, आणि तो करणाऱ्याइतका मोठा माउलीभक्त दुसरा झाला नाही. आज आपण जी ज्ञानेश्वरी डोक्यावर घेऊन नाचतो ती त्या संशयामुळे वाचली. त्याच नाथांनी जोशी, गोंधळी यांच्या तोंडी भारुडं घातली आणि ‘संस्कृत वाणी देवें केली । तरी प्राकृत काय चोरापासुनि झाली?’ असं विचारलं. तेही प्रश्नचिन्हच.

माझ्या विषयातला एक दाखला दिल्यावाचून राहवत नाही. श्रीनिवास रामानुजन यांची कुलदेवता नामक्कलची नामगिरी. सूत्रं मला देवी स्वप्नात दाखवते असं ते सांगत. १९१३ साली त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं, १९१४ मध्ये तिकडे गेले. हार्डी पक्के नास्तिक. एकाला देवी सांगते, दुसऱ्याला देवच मान्य नाही, आणि दोघांनी मिळून १९१८ मध्ये एक सूत्र प्रसिद्ध केलं : कुठलीही पूर्ण संख्या पूर्ण संख्यांच्या बेरजेत किती तऱ्हांनी मांडता येते, ती संख्या एकटीही एक तऱ्हा धरून. चार ही संख्या पाच तऱ्हांनी फोडता येते, ते सहावीतलं पोर करतं. दोनशे ही संख्या किती तऱ्हांनी? मॅकमहॉन नावाच्या गणितज्ञाने ते आकडे हाताने काढून ठेवले होते. उत्तर होतं ३९,७२,९९,९०,२९,३८८. सूत्रातून काढलेलं उत्तर या आकड्याला इतकं चिकटून आलं की फरक दशांशचिन्हाच्या पुढे राहिला. ताळा जुळला. पण याच रामानुजनांनी पहिल्या पत्रव्यवहारात मूळ संख्यांबद्दल जे सूत्र लिहिलं होतं ते चुकीचं निघालं. हार्डींनी ते सांगितलं. रामानुजनांची भक्ती त्यामुळे कमी झाली नाही, आणि देवीने दिलंय म्हणून ते सूत्र कुणी पुस्तकात घातलंही नाही. देवीने स्वप्नात सांगितलं तरी सकाळी उठून ताळा करावाच लागतो. नामगिरीवर विश्वास नसता तर तो माणूस इतक्या लांब, इतक्या अनोळखी रानात एकटा शिरला असता का, मला शंका आहे. आणि ताळा नसता तर त्या रानातून परत आला नसता.

श्रद्धा हे धैर्य देते असं मला माझ्या वडिलांमुळे वाटतं. ते रोज पहाटे तोच भजनी ठेका तासभर वाजवायचे. लहानपणी मला कंटाळा यायचा. एकदा विचारलं, “आबा, रोज तेच तेच कशाला?” ते म्हणाले, “हात विसरला पाहिजे बाई, मगच मन मोकळं होतं.” एकादशीच्या जागरात मग ते असं काही वाजवायचे की टाळकरी टाळ थांबवून ऐकत. त्यात आदल्या कुठल्याही एकादशीचा तुकडा नसायचा. पाठांतराला माझा विरोध नाही, महाराज. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, कीर्तनकाराला अभ्यासाची शिस्त लावली, हे फार मोठं काम झालं. पण आबांच्या ठेक्यासारखं पाठांतर पुढे कुठेतरी मोकळं व्हायला हवं. मला अलीकडे असं दिसतं की अभंग तोच, प्रमाणं तीच, दृष्टान्त तेच, विनोदही तेच. एका तालुक्यातला सप्ताह दुसऱ्या तालुक्यात जसाच्या तसा. मोबाइलवर एक कीर्तन गाजलं की महिन्याभरात पन्नास गाद्यांवरून तेच ऐकू येतं.

हे सगळीकडे नाही, हेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण महाराज आले होते. नामस्मरणावर बोलताना म्हणाले, “पाट सोडता तेव्हा अर्धं पाणी तणाला जातं. ठिबक लावा. थेंब थेंब, पण मुळाशी.” पुढच्या ओळीत बसलेले ऊसवाले शेतकरी एकदम सरसावून बसले. ज्ञानदेवांनी जे नावेचं केलं तेच हे. आपल्या काळातली, आपल्या शिवारातली वस्तू उचलून तिच्यातून न दिसणारं दाखवायचं. आणि गाडगेबाबा, ते तर सगळ्यांत मोठे. हातात खराटा, गावात आल्यावर आधी गाव झाडायचं, आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. उत्तर गर्दीतून यायचं, पुढचा प्रश्न त्या उत्तरातून निघायचा. कीर्तन प्रश्नोत्तरांवर उभं राहू शकतं हे त्यांनी हजारो लोकांसमोर दाखवलं. १९५६ मध्ये ते गेले. ते दार इतक्या लवकर लोटून का घेतलं आपण?

शाळेचाही यात वाटा आहे, आणि तो मी झाकणार नाही. आम्हीही मुलांना ‘पुस्तकात आहे तसंच लिही’ म्हणतो. वेगळ्या रीतीने सोडवलेल्या गणिताला गुण कापतो. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून घेतो. त्या मुलाला मंडपात जे ऐकायला मिळालं त्याची तयारी शाळेनेच करून ठेवली होती. फरक एवढाच की माझं ऐकायला वर्गात चाळीस मुलं असतात आणि तीही नाइलाजाने. तुमचं ऐकायला आजी, आई, बाप, पोर, सगळं घर आपणहून येतं, थंडीत गोधडी पांघरून बसतं. शाळेतल्या बाईने ‘विचार’ म्हटलं तर पोर विसरून जाईल. गादीवरून महाराजांनी ‘विचार बाळ, काय विचारतोस’ म्हटलं तर ते जन्मभर विसरणार नाही. त्याचा बापही विसरणार नाही.

म्हणून मागणं मांडते. सप्ताहात दुपारची वेळ बहुधा रिकामी असते. पारायण संपून जेवणं झालेली असतात आणि हरिपाठाला अवकाश असतो. त्या वेळात एक दिवस तरी गावातल्या मुलांसोबत बसा. गादीवर नको, सतरंजीवर. त्यांना काहीही विचारू द्या. भिंतीचा पाया, रेड्याने वेद कुठल्या आवाजात म्हटले, चांगदेवाच्या वाघाला कुणी खायला घातलं, काहीही. सगळ्याची उत्तरं द्यायला हवीत असं नाही. ‘मला ठाऊक नाही, पाहून सांगतो’ हे वाक्य तुमच्या तोंडून एकदा त्यांच्या कानावर पडलं तरी खूप होईल. आणि मोठ्यांपैकी कुणी हसलं तर त्याला थांबवा. तुम्ही थांबवलंत तर तो थांबेल. माझं कुणी ऐकत नाही. दुसरं, वर्षातून एक तरी दृष्टान्त नवा, स्वतः पाहिलेला, स्वतः घडवलेला. मग तो फसला तरी चालेल.

यंदा आमचा सप्ताह माघात आहे. सहाव्या दिवशी दुपारी तीन ते चार ही वेळ मंडपात मुलांसाठी ठेवायची, असं कमिटीने बरीच खळखळ करून मान्य केलंय. येणारे महाराज कोण हे अजून ठरायचंय. तो मुलगा आता सातवीत आहे. मध्यंतरी आजोळी गेला होता तेव्हा मामाला घेऊन आळंदीला जाऊन आला, आणि जोतं काही सापडलं नाही म्हणून सांगत होता. पण त्याने तिथल्या एका भिंतीची लांबी टाचा मोजत मोजून आणली आहे, चौदा टाचा आणि वर चार बोटं. वहीत त्याखाली त्याने तीन नवे प्रश्न लिहिलेत. मला त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं येत नाहीत. तुमच्यापैकी कुणाला यायचं झालं तर भाकरी-पिठलं आमच्या घरी आहे.

आपली,
नेवासे तालुक्यातली एक गणिताची बाई